बोईसरचा बटणवाला

बोईसरकडच्या माहीमला आमच्या वाडीत पाहुण्यांसाठी दोन खोल्या आहेत. त्यांची वेबसाइट मी मराठीत लिहिलीय. भाषांतराचं प्लगिन, म्हणजे माझं लाडकं बटण, दाबलं की तीच गुजरातीत दिसते आणि सुरतेची मंडळी येतात. यंदा साइट नव्या पत्त्यावर हलवली आणि बटण मेलं. सुट्ट्या तोंडावर आल्या, तरी आठवडाभर एक फोन नाही.

मी बोईसरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेले. तिथला पोरगा चष्मा कपाळावर चढवून बसला होता.

"आजी, तुमी काय काय दाबलंत?"

"सगळंच!"

तो पोट धरून हसला. मग साइटवरची एकेक गोष्ट बंद करून पाहू लागला. प्रत्येक वेळी माऊस सोडायचा, हाताची घडी घालायचा आणि दही लागायची वाट पाहावी तसा बघत राहायचा. शेवटी म्हणाला, "प्लगिन चांगलं हाय. साइटचं घर बदललंत, पण त्याला कुणी कळवलंच नाय. त्याच्याकडं नोंद जुन्याच पत्त्याची."

मी कपाळावर हात मारला. लग्नानंतर बेटेगावचं बिऱ्हाड माहीमला हलवलं, तेव्हा आईचं पत्र येत नाही म्हणून मी महिनाभर पोस्टमनशी भांडले होते. आईला नवा पत्ता कळवायचा असतो, हे या शहाणीच्या डोक्यातच आलं नव्हतं!

त्याने नवी नोंद केली आणि पान गुजरातीत उमटलं. नाव विचारायचं राहिलं. माझ्या फोनमध्ये तो 'बटणवाला' आहे.

घरी पोचते तोच सुरतेहून फोन. मी म्हटलं, "आधी पत्ता लिहून घ्या," आणि दोनदा सांगितला.