आबांच्या पंख्याचे दोनशे ऐंशी वेढे

पंख्याचं मागचं झाकण काढलं, मोटरचा फिरणारा रोटर बाहेर ओढला आणि आत टॉर्च मारला. आत काहीच नव्हतं.

"साहेब, कॉइल कुठाय?"

देवरे साहेब माझ्या गॅलरीतल्या स्टुलावर बसले होते. त्यांनी चहाचा कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"जळलेलीच होती ती. काढून टाकली."

"वेढे किती होते? तारेचं गेज?"

साहेब समोरच्या बिल्डिंगकडे बघायला लागले.

"मोजले नाहीत?"

"जाधवबाई, काळीठिक्कर झाली होती हो. छिन्नीने कापली, स्टेटर स्वच्छ केला. तेवढ्यात भंगारवाला दारात आला, त्याला देऊन टाकली."

मी हसले नाही. हे मुद्दाम सांगते, कारण न हसण्यासाठी मला गाल आतून चावून धरावा लागला.

यात एवढं हसण्यासारखं काय, ते आधी सांगते. पंख्याच्या मोटरमध्ये स्टेटर असतो. म्हणजे पातळ पत्र्यांच्या चकत्या एकावर एक रचून केलेलं जाड कडं. त्याला आतून खाचा असतात, त्या खाचांत तांब्याच्या तारेच्या कॉइल बसतात. एका कॉइलला वेढे किती आणि तार किती जाड, म्हणजे तिचं गेज, यावर मोटरचं सगळं भवितव्य. वेढे कमी पडले तर करंट जास्त खेचते आणि जळते. जास्त झाले तर पंखा उपाशी माणसासारखा फिरतो. म्हणून जळलेली कॉइल कापण्याआधी वेढे मोजायचे आणि लिहून ठेवायचे. हा पहिल्या दिवसाचा धडा.

आणि आमच्या अंबडच्या मोटरच्या कारखान्यात हा धडा देणारे होते देवरे साहेब. मी तिथे सव्वीस वर्षं वाइंडिंगला होते, ते टेस्टिंगचे इन्चार्ज. एखादी नवी मुलगी मोजायची विसरली की तिला सगळ्या लाइनसमोर उभं करून ते विचारायचे, "आता काय पंचांग बघून वेढे काढायचे का?"

मला टेस्टिंगला जायचं होतं. नोकरीच्या चौदाव्या वर्षी जागा निघाली, मी अर्ज केला. साहेबांनी तो वाचला आणि म्हणाले, "जाधवबाई, तुमचा हात चांगला आहे. तुम्ही वेढे मोजा. मोटर समजणं वेगळं." ते वाक्य मला लागलं. रिटायर होऊन पाच वर्षं झाली, अजून लागतं. मी मात्र त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन टेस्टिंगच्या खिडकीशी बसायला लागले. बाकीच्या बायकांना वाटायचं, मला तिथला वारा आवडतो.

रिटायर झाल्यावर भंगाराच्या गाडीवर एक जुना टेबल फॅन दिसला. ओतीव लोखंडाचं बूड, पितळी पाती. मी तो दुरुस्त केला आणि मग सुटलेच. आज आमच्या इंदिरानगरच्या घरात अकरा पंखे आहेत. आमचे हे म्हणतात, सून आणायची तर आधी पंख्यांना विचारावं लागेल. चालू झालेल्या प्रत्येक पंख्याचा फोटो मी कारखान्याच्या जुन्या लोकांच्या ग्रुपवर टाकते. ते बघून साहेबांना वाटलं, बाईला जमतं तर आपल्याला का नाही जमणार.

पंखा त्यांच्या सासऱ्यांचा, म्हणजे आबांचा. नामपूरला आबांची कांद्याची पेढी होती. गादीच्या उजव्या हाताला हा पंखा असायचा. आबा गेले त्या उन्हाळ्यात पंखाही जळला आणि माळ्यावर गेला. आता साहेबांच्या मेहुण्यांनी, दादांनी, पेढी नव्याने बांधली होती. रविवारी पूजा. आबांच्या गादीशेजारी आबांचाच पंखा चालू हवा, एवढीच दादांची इच्छा होती. साहेब सगळ्या सासुरवाडीसमोर म्हणाले होते, "मी मोटरवाला माणूस. माझ्यावर सोडा."

"दोन दुकानांत विचारलं," साहेब म्हणाले. "जुना डेटा नसेल तर आत नवी मोटर बसवून देतो म्हणतात."

"मग बसवा की."

"दादा कान लावतील. नव्या मोटरचा आवाज त्यांना लगेच कळेल. आणि शोभाला मी अजून सांगितलेलं नाही. तिच्या वडिलांची एवढी एकच वस्तू शिल्लक आहे हो." ते थांबले. "रविवारी काय तोंड दाखवू?"

साहेबांना 'काय करू' असं विचारताना मी सव्वीस वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. मला आनंद झाला आणि वाईटही वाटलं. आनंद जरा जास्त झाला, खोटं कशाला बोलू?

"ठेवून जा. उद्या दहाला या," मी म्हणाले. "आणि नुसते बघायला येऊ नका. काम करावं लागेल."

दुसऱ्या दिवशी साहेब कॅल्क्युलेटर आणि दोन कागद भरून गणित घेऊन आले. स्टेटरची लांबी, आतला व्यास, सगळं नीट मांडलेलं. खाली लाल पेनाने चौकट आखून आकडा काढला होता. कॉइलला एकशे नव्वद वेढे.

मी कागद वाचला. गणितात चूक नव्हती.

"साहेब, पत्रा कुठला धरला?"

"कुठला म्हणजे? स्टँडर्ड."

"म्हणजे आत्ताचा. हा साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा आहे. याला तेवढं चुंबकत्व झेपणार नाही. एकशे नव्वद वेढ्यांवर हा पंखा दोन मिनिटं फिरेल आणि तिसऱ्या मिनिटाला धूर काढेल."

"आणि हे तुम्ही कशावरून सांगता?"

जुना सूर लागला होता. टेस्टिंगच्या काचेमागून यायचा तोच. मीही तापले.

"सांगत नाही, दाखवते. बसा."

मी खाचांत कागदाचं इन्शुलेशन सरकवलं आणि चार तात्पुरत्या कॉइल टाकल्या, प्रत्येकी साठ वेढ्यांच्या. चार मिळून दोनशे चाळीस. मग डिमरस्टॅट जोडला. ही एक गोल चकती असलेली पेटी असते. चकती फिरवली की व्होल्टेज शून्यापासून हळूहळू वाढवता येतं. मध्ये ॲमीटर, म्हणजे करंट दाखवणारा काटा.

"काट्याकडे बघा," मी म्हणाले आणि चकती फिरवायला लागले.

दहा व्होल्ट. वीस. तीस. काटा व्होल्टेजच्या मागोमाग सरळ वर जात होता. चाळीस. स्टेटर मांजरासारखा बारीक घुमत होता. पन्नासलाही ठीक. त्रेपन्नला तो गुरगुरला आणि काट्याने एकदम उडी मारली.

मी चकती मागे घेतली. दोनशे चाळीस वेढ्यांना पन्नास व्होल्ट झेपतात. म्हणजे एका व्होल्टला जवळजवळ पाच वेढे. घरातला सप्लाय दोनशे तीसचा. हिशेब कोणीही करावा.

साहेबांनी केला. दोनदा केला. मग हळूच म्हणाले, "सगळे मिळून अकराशे चार. एका कॉइलला दोनशे शहात्तर."

"दोनशे ऐंशी टाकू. म्हातारा माणूस आहे, जरा सांभाळून."

"ही पद्धत तुम्हाला कोणी शिकवली?"

"तुम्हीच. सँपलच्या मोटर तुम्ही अशाच तपासायचात. मी खिडकीत डबा खात होते."

साहेबांनी आपले कागद घडी करून खिशात घातले. लाल चौकट आत गेली.

आता खरं काम. खाचेत मावेल ती सगळ्यात जाड तार निवडली आणि हाताने फिरवायच्या मशीनवर फर्मा चढवला. फर्मा म्हणजे ज्यावर वेढे घ्यायचे तो लाकडी साचा. माझ्या मशीनचा काउंटर वर्षभर बंद आहे. एरवी मी मनात मोजते.

"आज तुम्ही मोजा," मी म्हणाले. "मोठ्याने."

"मी?"

"मी हँडल फिरवते, माझं लक्ष तारेवर हवं."

हे अर्धं खरं होतं. साहेबांनी मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. कारखान्याचे टेस्टिंग इन्चार्ज माझ्या गॅलरीत पाढे म्हणावेत तसे वेढे मोजत होते आणि आमचे हे पेपर डोळ्यांसमोर धरून आतून ऐकत होते. पेपर हलत होता.

पहिली कॉइल बिनबोभाट झाली. दुसरीला एकशे साठच्या पुढे कुठेतरी साहेबांचा फोन वाजला. शोभावहिनी होत्या.

"हो, करतोय. होतोय. नाही गं, किरकोळ काम आहे." फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. "कितीवर होतो?"

"मला काय माहीत? मोजत तुम्ही होतात."

"एकशे बासष्ट… चौसष्ट असेल. धरून चालू."

मी हँडल सोडलं. "आमच्या लाइनवर असं धरून चाललेलं तुम्हाला चालायचं का?"

साहेबांनी एक मोठा श्वास घेतला. त्यांनी स्वतःच्या हाताने अख्खी कॉइल उलगडली आणि म्हणाले, "एक."

त्यानंतर त्यांनी फोन बंद करून ठेवला. दोन दिवसांत चार रनिंगच्या आणि चार स्टार्टिंगच्या कॉइल झाल्या. रनिंगच्या पंखा फिरवतात, स्टार्टिंगच्या त्याला आधी ढकलतात आणि फिरायची दिशा देतात. खाचांत कॉइल बसवल्या, दोऱ्याने बांधल्या, वॉर्निश ओतलं आणि दीड दिवस उन्हात वाळवलं. तोवर साहेबांनी पितळी पाती चिंच-मीठ लावून घासली. ते काम त्यांनी फार सुंदर केलं. न सांगता केलं.

शनिवारी दुपारी पंखा जोडला. आधी बल्ब सिरीजमध्ये लावून बघितला, म्हणजे काही चुकलं असेल तर बल्ब पेटतो आणि मोटर वाचते. मग सरळ सप्लाय दिला. पाती जडपणे हलली, मग वेग आला आणि घूंऽऽ असा खोल, भरीव आवाज गॅलरीत भरला. करंट बेताचा. बॉडी गार. मी खुशीत मागे टेकले.

"जाधवबाई," साहेब म्हणाले, "वारा कुठाय?"

खरंच नव्हता. पंखा जोरात फिरत होता आणि समोर टाचणीभर वारा नाही. साहेब उठले, पंख्यामागे गेले आणि हात धरला.

"इकडे येतोय. उलटा फिरतोय तो."

मी कपाळावर हात मारला. सवयीने आजच्या पंख्यांसारखी दिशा दिली होती. या पंख्याची पाती दुसऱ्या बाजूला वळलेली. चूक सपशेल माझी. स्टार्टिंगच्या कॉइलची दोन टोकं आलटूनपालटून जोडली, पाच मिनिटांचं काम. परत स्विच दाबला आणि गॅलरीतला पेपर थेट स्वयंपाकघरात उडाला.

"हे तुम्ही बरोबर पकडलंत," मी म्हणाले. म्हणायलाच हवं होतं.

साहेब लहान मुलासारखे हसले.

मग मी एक कार्ड काढलं. कारखान्यात प्रत्येक मोटरला असं टेस्ट कार्ड असायचं. त्यावर वाइंडिंग करणारीचं नाव कधी येत नसे, फक्त सेक्शनचा नंबर. सही टेस्टिंगची. मी कार्डावर गेज लिहिलं, वेढे लिहिले. वाइंडिंग: मंगल जाधव. टेस्टिंग: मंगल जाधव. खाली आणखी एक ओळ ओढली आणि पेन साहेबांपुढे धरलं. त्यांनी ओळ वाचली, माझ्याकडे बघितलं आणि सही केली. कार्ड पंख्याच्या बुडाला आतून चिकटवलं.

दादा त्याच संध्याकाळी पंखा न्यायला साहेबांच्या घरी येणार होते. साहेबांनी मला बोलावलं, "काही अडलं तर तुम्ही असलेल्या बऱ्या." शोभावहिनींनी पंखा हॉलच्या मधोमध ठेवून त्याला हळदकुंकू लावलं होतं. दादा आले. पांढरी टोपी, धिप्पाड देह. साहेबांनी स्विच दाबला.

घूंऽऽ.

दादांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि डोळे मिटले. मग ते बहिणीला अहिराणीत म्हणाले, "माय वं! आबा गादीवर बठेल शेतस असं वाटस."

वहिनींनाही आबा गादीवर बसलेले दिसले असावेत, त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "यांनी केलाय, दादा. आठवडाभर ध्यास घेतला होता नुसता."

दादांनी उठून साहेबांच्या पाठीवर थाप मारली. मी चहाच्या कपात बघत राहिले. मी काही बोलायचं नाही, हे मी घरून ठरवूनच आले होते. सव्वीस वर्षं नाव आलं नव्हतं, आणखी एक संध्याकाळ न आल्याने काय बिघडतं? असं मी स्वतःला समजावत होते आणि मला ते मुळीच पटत नव्हतं.

"मी नाही केला," साहेब म्हणाले.

वहिनी वळल्या.

"मी बिघडवला. जुनी कॉइल न मोजता कापली आणि भंगारात दिली. पंखा संपल्यातच जमा होता. या जाधवबाईंनी पहिल्यापासून शोधून काढलं सगळं." ते माझ्याकडे न बघता पंख्याकडे बघत होते. "टेस्टिंगला यांना मी घेतलं नव्हतं. घ्यायला हवं होतं."

मी चहाचा मोठा घोट घेतला आणि डोळे पुसले. चहा गरम होता असं मी नंतर सांगितलं.

दादांनी मला हात जोडले. मग व्यापारी माणूस, गोणी उलथून बघितल्याशिवाय कांदा न घेणारा. त्यांनी पंखा बंद केला, आडवा केला, बुडात डोकावले. कार्ड सापडलं. चष्मा लावून त्यांनी ते सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. वाइंडिंग, मंगल जाधव. टेस्टिंग, मंगल जाधव. मग शेवटची ओळ.

"वेढे मोजले: श्री. देवरे."

दादांनी चष्म्यावरून साहेबांकडे, म्हणजे आपल्या पाहुण्यांकडे पाहिलं. "चला, पाव्हनासले मोजता तरी येस!"

वहिनी इतक्या हसल्या की त्यांना बसावं लागलं. साहेबही हसले.

रविवारी पूजेचा व्हिडिओ आला. गादी, गादीशेजारी पंखा, आणि आजूबाजूला व्यापाऱ्यांच्या टोप्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून हाताने धरलेल्या. मी तो कारखान्याच्या ग्रुपवर टाकला. खाली पहिला मेसेज साहेबांचा होता: 'वाइंडिंग आणि टेस्टिंग, जाधवबाई.'

आता दर मंगळवारी साहेब माझ्या गॅलरीत येतात. मशीनचा काउंटर मी अजून दुरुस्त केलेला नाही.

बाकी सांगण्यासारखं एवढंच, की जळलेली कॉइल कापण्याआधी वेढे मोजावेत आणि कागदावर लिहून ठेवावेत. इन्चार्ज असलात तरी.