सुमनचं बी

आज सकाळी देवपूजा आटोपून मी चाकणजवळच्या एका नर्सरीत टोमॅटोची रोपं आणायला गेलो. आमच्या घरात रोपं विकत आणायची ही पहिलीच वेळ.

माझी पत्नी सुमन दरवर्षी गावरान टोमॅटोचं बी राखेत घोळून स्वयंपाकघराच्या भिंतीला थापून ठेवायची. शिमग्यानंतर ती गेली. सुतक फिटल्यावर रिवाजाप्रमाणे घर धुतलं, तेव्हा पाहुण्या बायकांनी ती भिंतही घासून काढली. तिने शेजारी ज्यांना रोपं दिली होती, त्यांच्या परसात आता कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या आहेत.

नर्सरीवाला म्हणाला, "हायब्रीड न्या भाऊ. खोड बघा कसं जाड हाय, पानावर एक डाग न्हाई."

"याचं बी धरता येईल?"

"धराल, पण पुढच्या साली असंच फळ येईल असं न्हाई. दरसाल हितंच यायचं. आमीबी जगलो पायजे ना राव!"

मलाही हसू आलं. मग गावरान विचारलं, तर त्याने कोपऱ्यातली किडकिडीत रोपं दाखवली. "आमच्या आईची हौस. ती अजून राखेतलं बी टाकती." मी तीच रोपं घेतली.

मंडळी, घरातलं माणूस गेल्यावर त्याच्या हातचं काय काय जातं, हे तुम्हाला कधी कळलं?

या रोपांना सुमनच्या टोमॅटोची चव येणार नाही, हे मला माहीत आहे. तरी दुपारी तिच्याच वाफ्यात ती लावली आणि तिचं नाव घेऊन पाणी घातलं.