टेलेक्सअण्णा आणि दुसरं कार्ड

टेलेक्सअण्णांना कानांनी वाचता यायचं. टेलेक्स म्हणजे तारेवरून चालणारा टाइपरायटर, मुलांनो. दुसऱ्या गावी कोणी टाइप करायला बसलं की आमच्याकडचं यंत्र आपोआप खडखडायला लागायचं आणि तोच मजकूर कागदावर उमटायचा. अण्णा दाराबाहेर चहा पीत उभे असायचे आणि आतला खडखडाट ऐकून, मान न वळवता सांगायचे, "दिल्ली. लांबलचक आहे." आत जाऊन पाहावं तर दिल्लीच असायची. "कसं कळतं हो तुम्हाला?" असं मी एकदा विचारलं. "दिल्लीवाला जोरात सुरू करतो आणि मधेच दम खातो, अक्का. मुंबईवाला दमच खात नाही."

यशवंतपूरजवळच्या ज्या संशोधन संस्थेत मी ग्रंथपाल होते, तिथल्या टेलेक्सच्या खोलीत ते एकटेच बसत. मूळचे निपाणीकडचे. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि इंग्रजी फक्त बोटांत. त्यांनी हजारो इंग्रजी संदेश बिनचूक पाठवले, पण त्यातलं फारसं त्यांना कळत नसे, आणि ते सांगायला त्यांना लाज वाटत नसे. "अक्षरं माझी, अर्थ साहेबांचा," असं म्हणायचे. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे असून मला अक्का म्हणत. मी हरकत घेतली तेव्हा म्हणाले, "पुस्तकं सांभाळणारी ती अक्काच. वयाचं काय घेऊन बसलात?"

दुपारी एक वाजला की अण्णा सायकल काढत आणि बरोबर दोनला परत येत. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरी ऐंशी ओलांडलेली आई होती आणि शेजारची बाई तिच्यावर लक्ष ठेवायची. पण भात-सारू, म्हणजे पातळ आमटी-भात, कालवून अण्णांनी भरवला तरच आई जेवायची, दुसऱ्या कोणाच्या हातून घास घ्यायची नाही. म्हातारीची आठवण विरत चालली होती. "तिला वाटतं मी अजून शाळेत जातोय," अण्णा हसून सांगत. "मधल्या सुट्टीत येतो म्हणून उठून बसलेली असते. दप्तर कुठं टाकलंस, विचारते. काल म्हणाली, मास्तरांनी मारलं का रे?"

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आमच्याकडे कंप्युटरांचं जाळं आलं आणि टेलेक्सची खोली बंद करायचं ठरलं. प्रशासन अधिकारी वाईट माणूस नव्हते. त्यांनी अण्णांना बोलावून सरळ सांगितलं, "अण्णा, होसकोट्याच्या भांडारात जागा आहे, तिथे पाठवतो. इथे राहायचं असेल तर हे नवीन काम जमायला हवं. ग्रंथालयाची इमारत जाळ्याला जोडून दाखवा. सोमवारी अकरा वाजता मी स्वतः बघायला येतो." होसकोटे म्हणजे बसने जायला दीड तास, यायला दीड तास. तिथून दुपारी जेवायला घरी येणं शक्यच नव्हतं. अण्णा "सरी, सर", म्हणजे बरं, एवढंच म्हणाले आणि तडक माझ्याकडे आले.

काम असं होतं. मुख्य इमारतीत एक जुना कंप्युटर राउटर म्हणून बसवलेला होता. म्हणजे एका तारेवरून आलेला संदेश योग्य त्या दुसऱ्या तारेवर सोडणारं यंत्र. त्यात एकच कार्ड होतं. ग्रंथालयाची तार जोडायला त्यात दुसरं कार्ड बसवून यंत्राला त्याची ओळख करून द्यायची होती. मला हे समजायला वेळ लागला, अण्णांना लागला नाही. "आपलं यशवंतपूर स्टेशन बघा, अक्का. गाडी एका फलाटावर आली, दुसऱ्यावरून सुटली, म्हणून ते जंक्शन. फलाटच एक असेल तर कसलं जंक्शन?"

कार्डाबरोबर आलेलं माहितीपुस्तक इंग्रजीत होतं. मी वाचून मराठीत सांगायचं आणि त्यांनी ऐकत करायचं, असं ठरलं. रोज दुपारी दोन ते चार आम्ही बसायचो. यंत्र उघडण्याआधी अण्णा घड्याळ आणि चांदीची अंगठी काढून खिशात ठेवत आणि यंत्राच्या लोखंडी अंगावर तळहात टेकून उभे राहत. अंगातली वीज उतरू द्यायची असं पुस्तकातच लिहिलं होतं, पण बघणाऱ्याला वाटावं, तापलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवलाय. मग डोळे मिटून म्हणत, "हं, सांगा. स्वल्प सावकाश."

कार्डावर सुयांसारख्या काड्यांची रांग होती आणि त्यातल्या कोणत्या दोन काड्यांवर मसुराएवढी काळी टोपी बसवायची, ते पुस्तकातल्या तक्त्यात दिलं होतं. टोपीच्या जागेवरून कार्डाचा क्रमांक ठरायचा. जुन्या आणि नव्या कार्डाचा क्रमांक एकच झाला तर यंत्राला कोण हाक मारतंय तेच कळत नाही. मी एकोणिसाव्या पानावरचा तक्ता दोनदा वाचला. अण्णांनी चिमट्याने टोपी बसवली, कार्ड खाचेत दाबलं, स्क्रू पिळला.

सोमवारी अकराला अधिकारी आले. पडद्यावर अक्षरं सरकली. पहिलं कार्ड दिसलं. दुसऱ्याच्या नावापुढे काहीच नाही. अण्णांनी यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं. आता पहिलंही दिसेना. अधिकाऱ्यांनी एक वाजेपर्यंत वाट पाहिली, मग अण्णांच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "प्रयत्न केलात, अण्णा. पहिल्या तारखेपासून होसकोटे." अण्णा म्हणाले, "सरी, सर. जेवायची वेळ झाली, जाऊन येऊ का?"

मी ग्रंथालयात परतले. मन ठिकाणावर नसलं की मी आवराआवर करते, हे तुमच्या आईला विचारा. 'सुटे कागद' नावाची फाईल नीट लावायला घेतली. संस्थेत येणारं प्रत्येक छापील पान आधी माझ्याकडे यायचं. मी शिक्का मारायचे, नोंद करायचे, आणि आत काही सुटा कागद असेल तर हरवू नये म्हणून काढून या फाईलमध्ये ठेवायचे. वरूनच तिसरा कागद बोटभर रुंदीचा होता. कोपऱ्यात माझ्या अक्षरात कार्डाच्या पुस्तकाचा नोंदणी क्रमांक. वर छापलेलं: शुद्धिपत्र. पान एकोणीस. तक्त्यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळींची अदलाबदल करून वाचावे.

दोनला अण्णा आले तेव्हा मी तो कागद हातात धरून राउटरच्या खोलीच्या दारातच उभी होते. सगळं सांगितलं. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "एवढंच? मला वाटलं कार्डच मेलेलं निघालं." लगेच घड्याळ काढलं, अंगठी काढली. टोपी एक घर पुढे सरकली. यंत्र सुरू केलं, आणि पडद्यावर एकाखाली एक दोन्ही कार्डं उभी राहिली. मग मी वाचत गेले आणि त्यांची बोटं टाइप करत गेली. मुख्य इमारतीकडच्या कार्डाला एक पत्ता, ग्रंथालयाकडच्याला दुसरा, आणि शेवटी हे सगळं यंत्राच्या तबकडीत कायमचं जतन करण्याची आज्ञा. पलीकडे माझ्या टेबलावरच्या कंप्युटरला हाक घातली. उत्तर आलं. पुन्हा घातली. पुन्हा आलं. अण्णा पडद्याकडे बघतच नव्हते. यंत्राच्या आवाजाकडे कान लावून बसले होते. "ह्यो काही बोलत नाही हो," ते जरा खिन्नपणे म्हणाले. "काम करतो, पण मुका."

मग ते म्हणाले, "साहेबांना सांगतो, टोपी लावताना मी चुकलो. तुमचं नाव कशाला मधे?"

खरं सांगते, मी लगेच नाही म्हटलं नाही. बावीस वर्षांच्या नोकरीत माझ्या व्यवस्थेमुळे कोणाचं काम अडलं, असं कोणी म्हटलं नव्हतं. अण्णांनी ते ओळखलं. "तारेत चुकीचं अक्षर गेलं तर मागं जाऊन पुसता येत नाही, अक्का. तिथंच पाच फुल्या मारायच्या आणि पुढं बरोबर शब्द टाकायचा. रोजचं काम आहे माझं. मी मारतो की फुल्या." ते इतक्या सहज म्हणाले की मलाच राहवेना. कागद काढून ठेवला मी आणि फुल्या यांनी का माराव्यात? मी उठले आणि तो कागद घेऊन अधिकाऱ्यांच्या खोलीत गेले.

त्यांनी तो वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि खो खो हसले. "मॅडम, तुमच्या टापटिपीने अण्णांना जवळजवळ होसकोट्याला पोचवलं होतं!" मग गंभीर झाले आणि बदलीच्या कागदावर आडवी रेघ मारली. अण्णा राहिले. तेव्हापासून पुस्तक हाती आलं की मी आधी त्यातला सुटा कागद वाचते, आणि माझी चूक असेल तर ती पहिल्या वाक्यात सांगते. दुसरी सवय लागायला पन्नाशी उलटावी लागली.

पुढची दोन वर्षं अण्णा एकला जात राहिले, दोनला येत राहिले. एका श्रावणात त्यांची आई गेली. दिवसकार्य आटोपून ते कामावर आले, त्या दिवशीही एकला उठले, सायकलीपर्यंत गेले आणि परत येऊन माझ्यासमोर बसले.

"होसकोट्याच्या भांडारातही आता राउटर बसवायचाय म्हणे. माझा अर्ज लिहून द्या, अक्का. बदली मागतो."

"आता? अहो, जी बदली टाळायला एवढी धडपड केलीत तीच मागताय?"

"इथं राहिलो तर रोज एकला सायकल काढीन. घराला कुलूप लावलेलं आहे."

मी कागद घेतला आणि इंग्रजीत अर्ज लिहिला. कारण म्हणून लिहिलं, वैयक्तिक. सवयीप्रमाणे त्यांना मराठीत वाचून दाखवला. त्यांनी डोळे मिटून ऐकला.

"तसं नको," ते म्हणाले. "खरं आहे ते लिहा."

मी दुसरा कागद घेतला आणि लिहिलं: माझी आई आता दुपारी माझी वाट पाहत नाही. तेही वाचून दाखवलं. अण्णांनी मान हलवली, पेन घेतलं आणि खाली सावकाश कन्नडमध्ये सही केली.