मुख्तारभाईंचा हात

दिग्रसच्या कापसाच्या जिनिंगमध्ये मशीन अडलं की पहिली हाक मुख्तारभाईंना जायची. मशीनवर हात ठेवून ते बिघाड ओळखायचे आणि तो सापडेपर्यंत मालकालाही शिव्या घालायचे. माणूस दिलाचा साफ, पण एकदा अडून बसला की स्वतःचंही ऐकायचा नाही. आमच्या दोघांच्या घरात एकच भिंत. त्यांची बडबड मला पाठ होती, म्हणूनच जे ते बोलले नाहीत त्याचा मला राग आहे.

कापसाचे दिवस फिरले, एकेक जिनिंग बंद पडत गेली. मुलगा जमीर हैदराबादला नोकरीला जायचं म्हणू लागला. "जाना है तो जा, मेरे से मत पूछ," म्हणून मुख्तारभाईंनी त्याच्याशी बोलणंच टाकलं. तशात त्यांचं अपेंडिक्स उठलं. ऑपरेशन ठरलं नेमकं जमीरच्या निघायच्या दिवशी.

ऑपरेशन नीट झालं. घशातली नळी काढली, श्वास चालू होता. जमीर आत गेला आणि बापाचा हात धरून म्हणाला, "अब्बा, मैं निकल रहा हूं. राजी हो तो हाथ दबा दो." बराच वेळ थांबला. हात तसाच पडून राहिला. डोळे पुसत बाहेर आला, आईला, जैबुनबींना, सलाम केला आणि गेला. मी व्हरांड्यातच होतो. म्हणालो, अरे, ते शुद्धीवर नसतील. तो म्हणाला, "नहीं चाचा, मेरी तरफ देख रहे थे."

दुसऱ्या दिवशी मुख्तारभाई मला म्हणाले, "वामनराव, मले सारं ऐकू येऊन राह्यलं होतं. जीव काढून दाबलं, पण हात हललाच नाही."

भूल देणाऱ्या गौरी मॅडम तपासायला आल्या तेव्हा मी विचारलंच. त्या म्हणाल्या, स्नायू ढिले करणारं औषध सगळ्या स्नायूंना सारखं धरत नाही. छातीखालचा श्वासाचा पडदा चिवट, तो आधी सुटतो. घसा आणि हाताचा अंगठा मागाहून. त्यामुळे माणूस श्वास घेतो, ऐकतो, पण थोडा वेळ बोलता येत नाही, हात दाबता येत नाही.

ते ऐकून मुख्तारभाई ढसाढसा रडले. मी म्हटलं, लावा फोन. म्हणाले, "फोनवर नाही. समोर बसून मीच सांगीन, तुमी नोका सांगू."

ईदला जमीर आला. मुख्तारभाईंनी त्याला बस वेळेवर मिळाली का, हैदराबादचं पाणी कसं आहे, हे विचारलं. तो पाहुण्यासारखा अदबीनं उत्तरं देत राहिला. मी भिंतीअलीकडे चडफडत होतो. पुढच्या ईदलाही तेच. मग त्याला सुट्टी मिळेनाशी झाली. मी टोकलं की म्हणायचे, "बापानं पोराले सफाई कायले द्याची? त्याले समजाले पाहिजे."

मुख्तारभाई गेले. मातीला जमीर पोचला. कब्रस्तानातून परतताना मी त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. अंगठा, घसा, श्वासाचा पडदा, मॅडम बोलल्या तसं.

"मतलब, अब्बा राजी थे?"

"होते रे. त्याच दिवशी होते."

तो हातावरची माती चोळत उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "दवा तो उसी शाम उतर गई होगी ना, चाचा?"

मी हो म्हणालो.