कोंडलेली ऊब

समुद्राकाठी राहायला जायचं की नाही, या एका प्रश्नावरून आमच्या घरात जेवढी भांडणं झाली तेवढी माझ्या लग्नावरूनही झाली नव्हती, आणि माझ्या लग्नावरून काही कमी झाली नव्हती. गेले तर जाणार होते ते माझी थोरली बहीण आणि तिचा नवरा, म्हणजे ताई आणि भावजी. भांडत मात्र मी होते. ताईचा भांडण्याचा स्वभाव नाही, आणि भावजींशी भांडायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी ओतायचं.

प्रश्न अगदी साधा होता. ताईची फुप्फुसं थकली होती. हॉस्पिटलच्या शिवणखात्यात चादरी आणि गाऊन शिवण्यात तिचा जन्म गेला, त्या कापसाच्या भुग्याने छाती आधीच नाजूक झालेली. त्यात आमच्या गावचा हिवाळा. एकदा बर्फ पडायला लागला की संपतच नाही. गेले दोन हिवाळे ती आडवी झोपू शकली नव्हती, पाठीशी उशा रचून बसल्या बसल्या डोळा लावायची. छातीच्या डॉक्टरीणबाईंनी उन्हाळा संपता संपता दोघांना समोर बसवून स्वच्छ सांगितलं, "यांना आणखी एक हिवाळा इथे काढायला लावू नका. खाली समुद्राकडे, उबदार हवेत घेऊन जा. दोघंही रिटायर झालात, आता इथे अडकवून ठेवणारं आहे काय?"

अडकवून ठेवणारे भावजीच होते.

भावजी त्याच हॉस्पिटलच्या तळघरात बॉयलर सांभाळायचे. मिसरूड फुटलं तेव्हा कोळसा ओढायला लागले, मग तेलावरचा बॉयलर आला, मग गॅसवरचा, आणि भावजी तिथेच. कागदावर त्यांचा हुद्दा काहीही असो, वॉर्डबॉयपासून सर्जनपर्यंत सगळे त्यांना बंबकाका म्हणायचे. दिवसातून एकदा ते वरच्या सगळ्या वॉर्डांतून फेरी मारायचे आणि बॉयलरच्या गरम पाण्यावर खोली तापवणाऱ्या प्रत्येक रेडिएटरला हाताची मागची बाजू लावून बघायचे, आपण तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतो तशी. नळीत टकटक ऐकू आली की खिशातून छोटी किल्ली काढून आत अडकलेली हवा सोडायचे. "डॉक्टर औषध देतात, बरं मी करतो," असं गमतीने म्हणायचे. गमतीने म्हणायचे खरे, पण निम्म्याहून जास्त त्यांना ते खरंच वाटायचं. एका वर्षी बर्फाने रस्ते बंद झाले, बदलीचा माणूस येऊ शकला नाही, तेव्हा रस्ते उघडेपर्यंत ते तळघरातच राहिले आणि नव्याने जन्मलेल्या बाळांचा वॉर्ड त्यांनी जराही गार पडू दिला नाही. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की त्यांना ठसका लागला तर पुढची मी सांगू शकेन.

रिटायर झाल्यावर त्यांच्या जागी माणूस आलाच नाही. यंत्र आलं, आपलं आपण चालणारं. तेव्हापासून भावजी कोणाच्याही घरी गेले की आधी रेडिएटरला हात लावायचे आणि मग माणसांची चौकशी करायचे. मी त्यांची यथेच्छ चेष्टा करायचे. ताई मला डोळ्यांनी दटावायची.

तर आम्ही तिघं समुद्राकाठचं गाव बघायला गेलो. हॉस्पिटलच्या जुन्या मेट्रनबाई तिथे स्थायिक झाल्या होत्या. त्यांच्या घराच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या आणि ताईवर त्यांचा जीव. दारातून उतरलं की चार पावलांवर वाळू. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून बघते तर ताई पलंगावर आडवी, उशी एकच, तोंड अर्धवट उघडं. क्षणभर मला वाटलं, ताई गेली. जवळ जाऊन बघितलं तर ती झोपली होती. नुसती झोपली होती, सपाट, गाढ! मी तिथेच खाली बसले आणि मला रडू आवरेना.

भावजी मात्र खोल्यांतून काहीतरी हरवल्यासारखे फिरत होते. शेवटी त्यांनी विचारलंच, "बाई, हीटर कुठे बसवलाय?"

मेट्रनबाई मनापासून हसल्या. "इथे कशाला लागतोय हीटर, बंबकाका? इथे तुम्हाला काही काम नाही. पाय पसरून बसा निवांत."

त्या प्रेमाने बोलल्या होत्या. पण भावजींचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी भिंतीला हात लावून पाहिला. भिंत उन्हाने आपोआप तापलेली होती. मग ते बाहेर पायरीवर जाऊन बसले, समुद्राकडे पाठ करून, आणि संध्याकाळपर्यंत तिथून हलले नाहीत.

परतीच्या गाडीत त्यांनी तोंड उघडलं. "एवढ्या लांब कशाला जायचं? एक हिवाळा मला द्या. ही हवा मी आपल्या घरात तयार करून दाखवतो. मी असताना हिला थंडी वाजते म्हणजे काय!"

माझं डोकंच फिरलं. "भावजी, छाती आहे ती. तुमचा बॉयलर नाही."

"तू गप्प बस गं धाकटे. तुला त्यातलं काय कळतं?"

मी ताईकडे बघितलं. ताई त्यांच्याकडे बघत होती. रिटायर झाल्यापासून विझलेला त्यांचा चेहरा असा उजळला होता की मलाही ते मान्य करावं लागलं. ताई म्हणाली, "बघू या की. एवढं म्हणतायत तर."

झालं. गावी पोहोचल्या पोहोचल्या भावजींनी कंबर कसली. खिडक्यांच्या चौकटींना फेल्टच्या पट्ट्या, काचांच्या कडांना पुट्टी, दाराखाली रबर. झोपायच्या खोलीचा झरोका प्लायवूडने बंद केला. न्हाणीघरातल्या पंख्याचं भोक बुजवलं, कारण तिथून म्हणे सगळी ऊब पळते. जळती मेणबत्ती घेऊन ते कोपरा न् कोपरा फिरायचे. ज्योत हलली की तिथे फट आहे, बुजवा. ज्योत कुठेही हलेनाशी झाली तेव्हा त्यांनी मला फोन करून बोलावून घेतलं आणि सगळ्या घरातून ती मेणबत्ती मिरवून दाखवली.

खोटं कशाला बोलू, घर सुंदर उबदार झालं. बाहेर बर्फ आणि आत ताई सुती गाऊनवर. शेजारपाजारचे बघायला यायचे. मी मनातल्या मनात माझे शब्द गिळले. मेट्रनबाईंचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. दुसरं एक जोडपं खोल्या मागतंय, तुमचं काय ते नक्की सांगा, असं त्या विचारत होत्या. भावजी ऐटीत म्हणाले, "द्या त्यांना. आमचं इथे उत्तम चाललंय." ताई समोर बसून विणत होती. तिने मान वर केली नाही. सुया फक्त जरा थांबल्या आणि परत चालू झाल्या.

मग खोकला आला. भावजी म्हणाले, हवा कोरडी पडली. त्यांनी रेडिएटरवर पाण्याचं पातेलं ठेवलं. खोकला वाढला, तेव्हा दोन पातेली. धुतलेले कपडे बाहेर गोठतात म्हणून तेही आतच वाळायचे. सकाळी काचांवरून पाण्याचे ओघळ वाहायचे आणि भावजी ते फडक्याने पुसता पुसता म्हणायचे, "बघ, बाहेर किती गारठा आणि आत किती ऊब!" मला ते पाणी बघून कसंतरी व्हायचं. पण ज्याने जन्मभर हेच काम केलं त्याला मी काय शिकवणार?

आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. हॉस्पिटलच्या तळघरात हवा आत-बाहेर करायला एक भलाथोरला पंखा अखंड फिरायचा. उभा जन्म तो त्यांच्या डोक्यावर घरघरत राहिला, म्हणून त्यांनी त्याचा कधी विचारच केला नाही. ऊब कशी धरायची ते त्यांना पाठ होतं. हवा जाऊ द्यायचं काम कायम दुसरं कोणीतरी करत होतं.

एका दुपारी ताईला हुडहुडी भरली. जाड शाल काढायला मी कपाटाच्या तळाशी हात घातला. शाल ओली लागली. मी ती नाकाशी नेली तर कुबट वास आला. कपाटाची मागची फळी मऊ पडली होती. भावजींना हाक मारली, दोघांनी मिळून कपाट पुढे ओढलं.

मागची भिंत काळी होती. पार छतापर्यंत. मखमलीसारखी बुरशी, आणि तिच्या अलीकडे हातभर अंतरावर ताईची उशी.

भावजींनी सवयीने हाताची मागची बाजू भिंतीला लावली. हात काळा झाला. ते त्या हाताकडे बघत उभे राहिले आणि मी बोलायला लागले. काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण तोंडाला येईल ते बोलले. विदूषक म्हणाले, हट्टी म्हणाले, तुमच्या मिजाशीपायी माझ्या बहिणीचा जीव चाललाय म्हणाले. मग एकदम भानावर येऊन ते खिडकीकडे धावले आणि नखांनी पुट्टी खरवडायला लागले. त्यांनी केलेलं काम पक्कं होतं. खिडकी उघडेना. शेवटी त्यांनी कोपराने काच फोडली. थंडगार हवा आत आली आणि ताई खोकून खोकून निळी पडली.

तिला हॉस्पिटलात दाखल केलं. डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो दिव्यासमोर धरून निरखला. मग म्हणाल्या, "नुसत्या थंडीने एवढं झालं नसतं."

भावजी म्हणाले, "आम्ही निघतो. उद्याच निघतो. मेट्रनबाईंच्या खोल्या गेल्या तर गेल्या, दुसरीकडे बघतो. मी हिला पाठीवर घेऊन जातो. तुम्ही फक्त हो म्हणा."

"आता प्रवास झेपणार नाही."

"मग बर्फ वितळल्यावर?"

"बर्फ वितळेपर्यंतचं आधी बघू या," त्या हलकेच म्हणाल्या. भावजी मटकन बाकावर बसले. वॉर्ड उबदार होता. यंत्र आपलं आपण चाललं होतं.

त्यानंतर भावजी ताईच्या खाटेजवळून उठलेच नाहीत. जेवायला चला म्हटलं तर नको, घरी जाऊन आंघोळ करा म्हटलं तर नको. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावून ताई पडलेली असायची. त्यांच्याकडे बघायची, कधी हात थोपटायची. त्या थोपटण्यानेच ते जास्त तुटायचे.

एक दिवस मी डबा घेऊन गेले तर ते तिच्यावर वाकून काकुळतीने सांगत होते, "अगं, बोल मला. ही धाकटी सगळं बोलून मोकळी झाली. तू का बोलत नाहीस? शिव्या दे. इतक्या वर्षांत एकदा तरी दे."

ताईने मास्क बाजूला केला. मी "नको गं" म्हणत पुढे झाले, पण तिने मला हातानेच थांबवलं. तिला श्वास गोळा करायला वेळ लागला.

"मला जायचं होतं हो," ती म्हणाली.

एवढंच. अख्ख्या संसारात तिने त्यांना लावलेला तो पहिला बोल. तिने मास्क पुन्हा तोंडावर ओढला आणि त्याच्या आत तिचा श्वास घासत राहिला.

भावजी आणखी खाली वाकले. "मग तेव्हा बोलली का नाहीस? गाडीत मी एक हिवाळा मागितला तेव्हा? फोन आला तेव्हा? एक शब्द बोलली असतीस तर मी..."

ताई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, त्या दिवशी गाडीत बघत होती तशीच. मग उत्तर द्यायला तिने परत मास्ककडे हात नेला, तेव्हा भावजींनी तो हात घट्ट धरून ठेवला.

"नको," ते म्हणाले. "राहू दे. मला माहीत आहे."