वहिनीने नीट वाचलं म्हणून

माझी वहिनी एका मोठ्या इस्पितळात शोधनिबंध तपासायचं काम करते. एखाद्या नव्या उपचाराचं संशोधन छापून आलं की डॉक्टर ते तिच्याकडे पाठवतात. ते कसं केलंय, त्यावर कितपत विसंबायचं, हे ती वाचून सांगते. लग्न होऊन घरात आली तेव्हा आईने तिला विचारलं होतं, "म्हणजे लोकांच्या चुका काढायच्या आणि वर पगार घ्यायचा?"

"हो ना आई. माहेरी हेच फुकट करायचे!" वहिनी म्हणाली. त्या दिवसापासून दोघींचं गूळपीठ जमलं.

मग आईला पक्षाघाताचा झटका आला. हातपाय सावरले, पण वाचा गेली. दिवसभर जिची टकळी चालायची ती "पाणी" म्हणायला जायची आणि तोंडून नुसतं "प... प..." यायचं. समजायचं सगळं. म्हणूनच की काय, भिंतीकडे तोंड करून बसायची.

एके दिवशी दादा कागद फडकावत आला. "सापडलं! डोक्याला बाहेरून विजेचा सौम्य प्रवाह देतात. दहातले आठ पेशंट बोलायला लागले. नावाजलेल्या जर्नलमध्ये छापून आलंय!"

केंद्र दूरच्या शहरात होतं. आईला काही महिने तिथे ठेवायचं आणि थेरपिस्टबाई घरी येऊन देत होत्या ती स्पीच थेरपी बंद करायची, अशी तिथली अट होती. मला तर रडूच फुटलं. मी कपाटावरची बॅग खाली काढली.

संध्याकाळी वहिनी आली, पर्सही न ठेवता वाचायला बसली.

"चांगलं आहे ना?" मी विचारलं.

"चांगलं असावं असं फार वाटतंय, भाऊजी. म्हणून सावकाश वाचतेय."

वाचून झाल्यावर तिने कागद आमच्यापुढे सरकवला. "या पेशंटना झटका येऊन फार दिवस झाले नव्हते. त्या काळात बऱ्याच जणांची वाचा आपोआपच थोडी परत येते. मग फरक विजेने पडला की दिवस गेल्याने? हे कळायला तसेच आणखी पेशंट हवेत, ज्यांना यंत्र लावलं पण प्रवाह दिला नाही. तसे इथे नाहीतच. आणि सुरुवातीला होते तेवढे लोक शेवटी दिसत नाहीत. ते गेले कुठे?"

दादा भडकला. "तुला सगळ्यातच खोट दिसते! स्वतःची आई असती तर असं बोलली असतीस?"

वहिनीचा चेहरा पडला. ती म्हणाली, "चालू थेरपी बंद करायची म्हणतात, त्याची भीती वाटते रे मला. थांब, त्यांनाच विचारू."

दुसऱ्या दिवशी तिने त्या अभ्यासाच्या मुख्य संशोधकांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. आम्ही दोघं शेजारी होतो. ते चिडतील असं मला वाटलं होतं. पण त्यांनी तिचे प्रश्न नीट ऐकून घेतले.

"अभ्यास अर्धवट सोडून गेलेल्यांना आम्ही हिशेबात धरलं नाही," ते म्हणाले. "धरलं तर आकडा बराच खाली येतो. आता तुलना करून नवा अभ्यास सुरू केलाय, निकाल अजून हाती नाही. सासूबाईंची थेरपी चालू असेल तर कृपा करून ती बंद करू नका."

दादाने मुकाट्याने बॅग वर ठेवली.

मग वहिनीने जुने-नवे कितीतरी अभ्यास पालथे घातले. "चमत्कार कुठेच नाही," ती म्हणाली, "पण बोलण्याचा सराव वाढवला की थोडाफार फायदा होतो, हे निरनिराळ्या लोकांनी, निरनिराळ्या ठिकाणी तपासलंय. उत्तर तेच आलंय."

थेरपिस्टबाई जास्त वेळा येऊ लागल्या. त्यांनी आम्हालाही शिकवलं. सगळ्यात चिकाटी दादाची. स्वयंपाकघरातली एकेक वस्तू उचलून "हे काय?" विचारायचा. एकदा त्याने पेला धरला आणि आई खणखणीत आवाजात म्हणाली, "पाल!" दादा किंचाळून खुर्चीवर चढला. झटक्यानंतर आई पहिल्यांदा हसली ती तेव्हा. आम्ही हसता हसता रडलो.

आता आई छोटी छोटी वाक्यं बोलते. शब्द निसटतात, पण भिंतीकडे तोंड करून बसत नाही. परवा त्या संशोधकांचा नवा अभ्यास छापून आला. प्रवाह दिला काय, न दिला काय, फारसा फरक नाही, असं त्यांनी स्वतःच सरळ लिहिलंय. वहिनीला केवढा आनंद झाला! दादाने त्यांना फोन लावला आणि आईच्या हातात दिला. आई शब्द शोधत राहिली. पलीकडचा माणूसही घाई न करता थांबला.

"बरं... केलंत," आई म्हणाली.