बिनश्रीचं कार्ड

वडिलांचं श्राद्ध करणार नाही, असं मी गिरगावातल्या घरी ताठ मानेने सांगितलं आणि त्याच आठवड्यात परळच्या चाळीत खोली घेतली. देव नाही हे मला पटलं होतं. पटलं ते केलं, यात आजही मला चूक वाटत नाही. पण देव सोडला की सण सुटतात आणि सण सुटले की माणसं सुटतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं म्हणा.

चाळ गिरणीतल्या कोकण्यांची. मी जवळच्या शाळेत शिकवी, म्हणून सगळे मला मास्तर म्हणत. माझ्या मतांशी त्यांना घेणंदेणं नव्हतं, माझ्या अक्षराशी होतं. रविवारी सकाळी गावी धाडायची कार्डं घेऊन ती मंडळी माझ्या दाराशी बसत. आठवड्यातून तेवढंच माझ्या खोलीत माणसांचं बोलणं होई. मी आदल्या दिवसापासून टाक-दौत मांडून त्याची वाट पाही.

गिरणीत कापड विणायच्या साच्यावर काम करणारा माझा शेजारी सगळ्यांत आधी येई. गाठीच्या तापाने, म्हणजे प्लेगने, शहर रिकामं होत होतं आणि गावी त्याच्या म्हाताऱ्या आईच्या जिवाला घोर लागला होता. "मी बरो आसंय, काळजी करू नको, इतक्याच लिवा," तो म्हणाला. मी लिहिलं. फक्त माथ्यावर 'श्री' घातला नाही. माझ्या स्वतःच्या पत्रांतून तो केव्हाच गेला होता; त्या दिवशी वाटलं, जे मानत नाही ते दुसऱ्यासाठी तरी का लिहावं? त्याला वाचता येत नव्हतं. कार्ड कपाळाला लावून तो टपालात टाकायला गेला, आणि मी मनातल्या मनात मिशीला पीळ दिला.

माथ्यावर श्री नसलेलं पत्र आपल्याकडे एकाच बातमीचं असतं, कोणाच्या तरी मरणाच्या. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्या घडीला आठवलं नाही, इतकंच. असा मी शहाणा!

तीन आठवड्यांनी उत्तर आलं आणि ते वाचून घ्यायला तो माझ्याकडेच आला. वर श्री नव्हता. तो समोर उकिडवा बसून माझ्या तोंडाकडे पाहत होता. मी वाचलं. म्हातारीला अक्षरओळख नव्हती, एक श्री तेवढा नजरेने ठाऊक. कार्डावर तो दिसला नाही. गावच्या भटजींनी मजकूर दोनदा वाचून दाखवला, मुलगा खुशाल आहे म्हणून. तिला वाटलं, हे आपली समजूत घालताहेत. तिने अन्न सोडलं. धाकट्या मुलाने अग्नी दिला होता.

"श्री घालूक इसारल्यात?" त्याने विचारलं.

हो म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं. पण खोटं बोलायचं नाही, एवढा एकच धर्म मी ठेवला होता.

"नाही. मुद्दाम घातला नाही."

त्याने कार्ड माझ्या हातून काढून घेतलं. मग म्हणाला, "तुमचो देव नाय तर नसूंदे, मास्तरानू. पण कागद माझो होतो मा?"

तो उठून आपल्या खोलीत गेला.

पुढच्या रविवारी माझ्या दाराशी कोणी आलं नाही. टाक-दौत मांडलेली तशीच राहिली. शेजारी मुंडण करून आपल्या उंबऱ्यापाशी घोंगडीवर बसला होता. शेवटी न राहवून मी हाक मारली, "ये रे, बस जरा माझ्याकडे."

"माका सुतक आसा."

"मला सुतकबितक काही लागत नाही रे," त्याला सोपं जावं म्हणून मी म्हणालो.

"ठावक आसा," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "तुमका कोणाचाच लागणा नाय."